सशांना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी सोडू का?

वाचकाचे पत्र

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलीच्या नवव्या वाढदिवसाला आम्ही दोन पांढरे ससे विकत आणले. विकणाऱ्याने दोन्ही माद्या असल्याचे सांगितले होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांपैकी एकीने सहा पिल्ले दिली आणि त्यांतली पाच जगली. सगळे जण गॅलरीतल्या एकाच पिंजऱ्यात आहेत. घरमालकांनी वासाबद्दल दोनदा तक्रार केली आहे. माझे मिस्टर म्हणतात की ससा हा मुळात रानातलाच प्राणी आहे, तेव्हा सगळ्यांना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी मोकळे सोडून द्यावे. सासूबाई म्हणतात की दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत नेऊन ठेवावे. मुलगी दोन्हींना तयार नाही. तिने पिल्लांची नावेही ठेवली आहेत. ती ठेवू द्यावीत की आत्ताच लळा तोडावा, हेही कळत नाही. कृपया मार्ग सुचवावा.
— एक वाचक, सिडको

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रावर दूरध्वनी क्रमांक होता, म्हणून एक गोष्ट मी पत्र मिळाले त्याच संध्याकाळी कळवली होती. इतर वाचकांसाठी ती येथे पुन्हा लिहितो. नराला त्याच रात्री वेगळे करणे, हे तुमच्या घरातले पहिले काम होते. सशाच्या मादीला गाई-म्हशींसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. नराशी संग झाल्यावरच तिचे बीज सुटते, आणि व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो. तुमच्या पिल्लांना एकवीस दिवस झाले आणि त्या सर्व काळात नर त्याच पिंजऱ्यात होता, याचा सरळ हिशेब असा की दुसरी वीण बहुधा दहा-अकरा दिवसांवर आलेली आहे. पाच पिल्ले कोठे ठेवावीत या विवंचनेत असताना ती दहा-बारा होऊ शकतात. त्यामुळे मादीला लगेच पशुवैद्यकाकडे नेऊन पोट तपासून घ्यावे. ती गाभण निघाल्यास गवत अंथरलेले एक खोके तिच्यासाठी तयार ठेवावे आणि मोठ्या पिल्लांना शेजारी स्वतंत्र जागा कधी द्यायची हे डॉक्टरांनाच विचारावे. मादी दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा, तेही काही मिनिटेच पाजते. इतर वेळी ती पिल्लांपासून दूर बसलेली दिसली म्हणजे तिने त्यांना टाकले आहे, असा समज करून घेऊ नये.

विकणाऱ्याने फसवलेच असेल असे मी म्हणणार नाही. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांत नर-मादी ओळखण्यात जाणकारांचीही चूक होते. मात्र ती चूक होऊ शकते हे गिऱ्हाइकाला सांगणे त्याचे कर्तव्य होते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्र सरकारने जे नियम केले आहेत, त्यांत सशाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. रस्त्याच्या कडेला टोपलीत पिल्ले घेऊन बसणाऱ्याकडून ससा घेताना आपण हे विचारत नाही.

आता तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांच्या मनात क्रौर्य नाही हे मी जाणतो. त्यांचा गोंधळ आपल्या भाषेमुळे झाला आहे. मराठीत आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांना एकच नाव देऊन बसलो आहोत. आपल्या माळरानावरचा तपकिरी, लांब पायांचा, पायाखालून अचानक उसळून पळणारा जो रानससा, तो बीळ करत नाही. गवताच्या बुंध्याशी उथळ खळगा करून तो त्यात अंग चोरून बसतो. त्याची पिल्ले अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात आणि लवकरच स्वतःची काळजी घेऊ लागतात. तुमच्या गॅलरीतला पांढरा ससा हा स्पेन आणि पोर्तुगालच्या बाजूच्या, जमिनीत बिळे खोदून कळपाने राहणाऱ्या प्राण्याचा वंशज आहे. त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात, हे तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच पाहिले आहे. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात आणि पाळीव सशाच्या पेशीत ४४, त्यामुळे या दोघांचा संकरही होत नाही. तेव्हा पांडवलेण्यांचा डोंगर हे तुमच्या सशाचे माहेर नव्हे, आणि त्याला तेथे सोडणे म्हणजे घरी पोहोचवणेही नव्हे.

तेथे सोडल्यावर काय होते, तेही पाहू. जी लेणी दोन हजार वर्षे टिकून राहिली ती ज्या काळ्या कातळात कोरलेली आहेत, त्याच कातळावर आणि मुरमावर तुमचा ससा बीळ खोदणार आहे, अशी ही कल्पना आहे. त्याला खोदता येणार नाही, आणि आलेच तरी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्याला कोणत्या आवाजाला दडायचे हे ठाऊक नसते. पांढरा रंग वाळलेल्या गवतात लांबून दिसतो. भटकी कुत्री, मुंगूस, घारी, आणि अधूनमधून शहराच्या कडेला येणारा बिबट्या, या सर्वांपासून तो एक-दोन रात्री वाचला, तरी उन्हाळ्यात पाणी कोठे मिळते हे त्याला कोणी शिकवलेले नाही. मराठीत ‘ससेहोलपट’ असा एक शब्द आहे. बँकेच्या रांगेत उभे राहावे लागले तरी आपण तो वापरतो, पण त्याच्या मुळाशी चहूबाजूंनी हाकलला जाणारा, कोठेच थारा न मिळणारा ससा आहे.

काही वर्षांपूर्वी गोदापार्कवर पहाटे फिरायला गेलो असताना बाकाखाली असा एक ससा मला दिसला होता. मी जवळ गेलो तेव्हा तो पळाला नाही, उलट पुढे येऊन माझ्या बुटाशी बसला. त्याच्या कानात कोळिष्टके होती आणि मागच्या पायावर चावा होता. कोणीतरी त्याच्याजवळ दोन गाजरे ठेवून गेले होते, यावरून सोडणाऱ्याला त्याची काळजी होती असे म्हणावे लागते. दुपारच्या आत तो दगावला. नदीकाठची झाडी, सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर धरणाचा परिसर या जागा माणसांना रम्य वाटतात म्हणून प्राणी सोडण्यासाठीही योग्य वाटतात, आणि शाळेच्या परीक्षा संपून मामाच्या गावाला जायचे दिवस आले की हा विचार अनेक घरांत एकाच वेळी सुचतो.

कोणी म्हणेल की काही देशांत सोडलेले ससे जगले आणि फोफावले. ते खरे आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीच्या हौसेसाठी सोडलेल्या दोन डझन सशांनी पुढे त्या देशाची कुरणे आणि पिके फस्त केली, आणि तेथील सरकारे अजून त्याच्याशी झगडत आहेत. म्हणजे सोडलेला ससा मेला तर त्याचे हाल होतात आणि जगला तर इतरांचे. नांदूर मध्यमेश्वर किंवा बोरगड यांसारख्या संरक्षित जागी पाळीव प्राणी नेऊन सोडण्याचा विचार तर मनातही आणू नये.

कायद्याचेही सांगून ठेवतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमानुसार उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राणी टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड १० ते ५० रुपये आहे, हे वाचून हसू येईल. तुमच्या सशाच्या पिंजऱ्याची किंमतही याहून पुष्कळ जास्त असेल. परंतु दंड क्षुल्लक असला म्हणून गुन्हा हा गुन्हा राहत नाही, असे नाही.

सासूबाईंचा मार्ग तुलनेने बरा आहे, कारण त्यात निदान एक ओळखीचा माणूस आहे. मात्र द्राक्षबाग ही सशासाठी चांगली जागा नाही. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत बागेवर किती फवारण्या होतात हे दिंडोरीच्या मामांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. त्याच ओळींमधले गवत आणि खाली पडलेली पाने ससा दिवसभर खाणार. मामांच्या घरात किंवा गोठ्याशेजारी, बागेपासून दूर, सावलीची आणि बंदिस्त जागा असेल, तिची जाळी खोदून पलीकडे जाता येणार नाही इतकी जमिनीत पुरलेली असेल आणि रोज गवत-पाणी पाहणारे माणूस असेल, तर दोन पिल्ले तेथे द्यायला माझी हरकत नाही. ‘बागेत सोडून देऊ, हिंडतील बिचारे’ असा बेत असेल, तर तो आणि पांडवलेण्यांचा बेत यांत फारसा फरक राहत नाही.

मग करावे काय? माझे मत असे आहे की जोडी तुम्ही ठेवावी, दोघांची नसबंदी करून घ्यावी, आणि पिल्लांना घरे शोधावीत. नसबंदीचा आग्रह केवळ संख्येसाठी नाही. नसबंदी न केलेल्या मादीला चार वर्षांच्या पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे असते. नर मूत्राने हद्द आखतो, आणि तुमच्या घरमालकांना येणाऱ्या वासाचा बराचसा भाग तोच असणार. डॉक्टर निवडताना मात्र चौकसपणा हवा, कारण कुत्र्या-मांजरांत पारंगत असलेला प्रत्येक पशुवैद्यक सशात पारंगत असतोच असे नाही. मी एक सोपा प्रश्न सुचवतो: ‘शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायचे का?’ सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, त्यामुळे त्याला कुत्र्यासारखे उपाशी ठेवत नाहीत. ‘हो, ठेवा’ असे उत्तर आले तर दुसरा दवाखाना शोधावा, आणि गरज पडल्यास पुण्या-मुंबईपर्यंतही जावे. उन्हाळ्यात हा प्रवास पहाटे करावा, कसाऱ्याच्या घाटात दुपार गाठू नये. नराच्या शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, तेव्हा तोवर जोडी वेगळीच राहिली पाहिजे. पुन्हा एकत्र आणताना दोघांनाही नवख्या असलेल्या जागी, थोडा थोडा वेळ, डोळ्यांसमोर आणावे.

वासाचा उरलेला भाग पिंजऱ्याचा आहे. ससा हा स्वभावतः स्वच्छ प्राणी असून तो एकाच कोपऱ्यात लघवी करतो, ही गोष्ट बहुतेक घरांत कोणाला माहीतच नसते. त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा पसरट ट्रे ठेवावा, त्यात जुनी वर्तमानपत्रे फाडून घालावीत आणि वर भरपूर वाळके गवत पसरावे. ससा गवत खात खात तेथेच बसतो. ट्रे रोज रिकामा केला आणि पांढऱ्या डागांवर थोडे व्हिनेगर घालून घासला, तर दोन खोल्यांतही वास राहणार नाही. सुताराकडचा भुसा वापरू नये, त्याची धूळ सशाच्या छातीला त्रास देते. तारांचा तळ असलेला पिंजराही काढून टाकावा, कारण सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते आणि तारेवर बसून त्याला जखमा होतात. जोडीसाठी साधारण १० फूट बाय ६ फूट जागा असावी असे मानले जाते. सिडकोतल्या दोन खोल्यांत एवढी जागा कायमची देणे अवघड आहे हे मला समजते. घडीची जाळी लावून एक कोपरा कायमचा आणि सकाळ-संध्याकाळ काही तास संपूर्ण खोली, अशी तडजोड अनेक घरांत नीट चालते. विजेच्या वायरी तेवढ्या उंच बांधाव्यात, त्या तो हमखास कुरतडतो.

खाण्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण ज्या अर्थी विचारलेले नाही त्या अर्थी ते ठीक चालले आहे असे तुम्हाला वाटत असावे, आणि म्हणूनच मला धास्ती वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः एक ससा गाजर, बिस्किटे आणि पोळीवर वाढवला. तो आवडीने खायचा, आम्ही कौतुकाने घालायचो. तिसऱ्या वर्षी त्याने खाणे टाकले आणि तोंड उघडून पाहिले तेव्हा मागच्या दातांनी जीभ सोलून काढली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजतात केवळ धाग्याधाग्याच्या गवताने. त्याच्या आहारात चार-पंचमांश भाग गवताचाच हवा. नाशिकमध्ये ते मिळवणे कठीण नाही. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, गाईंसाठी ज्या हिरव्या पेंढ्या विकायला येतात त्यांतली हराळी किंवा साधे गवत आणून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवता येते. लसूणघास हा चारा मात्र वाढत्या पिल्लांसाठी आणि गाभण मादीसाठी ठेवावा; मोठ्या नराला तो रोज दिल्यास त्यातल्या चुन्याच्या अंशाने मूत्राशयात खडे होऊ शकतात. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला रोज मूठभर चालतो. कांदा, कांद्याची पात आणि लसूण मुळीच नको. द्राक्षाचा एखादा मणी कधीतरी ठीक आहे, पण घोस नव्हे. तो स्वतःच्याच मऊ लेंड्या तोंड लावून खाताना दिसला तर घाबरू नये किंवा रागावू नये, ती त्याच्या पचनाचीच रीत आहे.

एक गोष्ट मात्र तातडीची समजावी. दहा-बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. घरातले अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक तोंडावाटे देऊ नये, कारण त्याने सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरून ससाच दगावतो. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिलचे थेंबही त्याला विषारी आहेत.

मार्च संपत आला आहे, आणि तुमची गॅलरी पश्चिमेकडे असेल तर मला खरी भीती पुढच्या दोन महिन्यांची वाटते. ससा घाम गाळत नाही, त्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. हवा तिशीच्या वर गेली की त्याची तगमग सुरू होते, आणि नाशिकचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो. दुपारी त्यांना घरात, पंख्याखाली, ओल्या फरशीवर घ्यावे. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली तर ते तिला टेकून झोपतात. धाप लागलेली, मान टाकलेली दिसली तर कानांना साध्या गार पाण्याचा हात लावून दवाखान्यात न्यावे, बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. एरवीही सशाला आंघोळ घालण्याची गरज नसते, भीतीनेच त्याचा जीव जाऊ शकतो. पावसाळ्यात मागचे अंग रोज कोरडे आणि स्वच्छ आहे ना ते पाहावे, कारण मळलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात.

पिल्लांना आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत कोणालाही देऊ नये, आणि बारा आठवड्यांच्या आत नर-मादी तपासून वेगळे करावे. देताना ‘फुकट ससे’ अशी जाहिरात करू नका. अशा जाहिरातीला सर्वात लवकर उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा पाळणारा नसतो. विकणाऱ्याला परत केल्यास ती पुन्हा टोपलीत जातील. ओळखीतून, मुलीच्या शाळेतल्या पालकांतून घरे शोधावीत, घर स्वतः जाऊन पाहावे, आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारावे की आठ-दहा वर्षे जगणारा हा प्राणी दहावीच्या वर्षी, बदली झाल्यावर, गावी जाताना कोण सांभाळणार आहे. वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्याला नकार द्यावा. हा हिशेब तुमच्या घरालाही लागू आहे: तुमचा ससा म्हातारा होईल तेव्हा तुमची मुलगी महाविद्यालयात असेल, तेव्हा ससा कागदोपत्री तिचा असला तरी प्रत्यक्षात तो तुमचा आणि मिस्टरांचा आहे. हे त्यांना आधी मान्य व्हावे लागेल, आणि ते झाले नाही तर जोडीसाठीही याच पद्धतीने घर शोधावे.

राहिला नावांचा प्रश्न. नावे अवश्य ठेवू द्यावीत. पाचही पिल्ले पांढरी आहेत, त्यामुळे नुसत्या नावाने ती ओळखू येणार नाहीत. कानाच्या आतल्या बाजूला बिनविषारी मार्करने एक, दोन, तीन असे ठिपके द्यावेत आणि ते पुसट झाले की पुन्हा काढावेत. मग दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकाचे वजन करून मुलीने ते नावापुढे वहीत लिहावे. या वयात पिल्लाचे वजन आठवड्याला वाढलेच पाहिजे. ज्याचे वाढले नाही ते दूध किंवा गवत नीट खात नाही, हे दिसायच्या आधी वहीत कळते. पिल्लू नव्या घरी जाईल तेव्हा ते पानही त्याच्यासोबत द्यावे.